गोंडराजाचे शहर आणि आदिवासींचा दिवस

९ ऑगस्ट ही तारीख महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना क्रांतिदिन म्हणून ठाऊक असते. १९४२ साली या दिवशी पहाटेच गांधीजी आणि इतर पुढारी पकडले गेले आणि ‘चले जाव’चा लढा पेटला, हे आपण सर्वांनी कधी ना कधी पाठ केलेले असते. पण अलीकडच्या वर्षांत याच तारखेला नागपूरच्या रस्त्यांवर आणखी एक दृश्य दिसू लागले आहे. गळ्यात पिवळे दुपट्टे घातलेली तरुण मंडळी, ढोल, पिवळे झेंडे, ‘जय सेवा’चा घोष. आणि रस्त्याच्या कडेला गाडी थांबवून ‘आज काय आहे बुवा?’ असे विचारणारे नागपूरकर. आज जागतिक आदिवासी दिन आहे, असे कोणी तरी सांगते. लगेच दुसरा प्रश्न येतो, ‘मग सुट्टी कशी नाही?’

हा दुसरा प्रश्न बहुधा गमतीने विचारला जातो. पण तो गमतीवारी नेण्यासारखा नाही. आपल्या देशात एखाद्या समाजाला शासनाने किती जवळ केले, हे सुट्ट्यांच्या यादीवरून मोजायची सवय लागली आहे, आणि ती अगदीच चुकीची आहे असेही नाही. महाराष्ट्र शासनाच्या सार्वजनिक सुट्ट्यांच्या यादीत ९ ऑगस्टला आजवर जागा मिळालेली नाही. २०११ च्या जनगणनेप्रमाणे या राज्यात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांवर होती. शंभरातली नऊ माणसे. त्यांच्या नावाने एक दिवस असावा, ही मागणी दर वर्षी निवेदनांतून होते आणि निवेदने जातात तिथे जातात.

शेजारच्या राज्यांत काय झाले ते पाहण्यासारखे आहे. शेजारी म्हटले तरी हा मुलूख एके काळी नागपूरचाच. मंडला, बालाघाट, छिंदवाडा, रायपूर, बिलासपूर या सर्वांचा कारभार मध्यप्रांताची राजधानी म्हणून नागपुरातूनच चालत होता. छत्तीसगड आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्यांत तेव्हाच्या सरकारांनी २०१९ मध्ये ९ ऑगस्टची सुट्टी जाहीर केली. मध्य प्रदेशात पुढे सरकार बदलले आणि २०२१ मध्ये ही सुट्टी ऐच्छिक झाली. विधानसभेत त्यावरून गदारोळ झाला. त्याच वर्षी केंद्र सरकारने १५ नोव्हेंबर, म्हणजे बिरसा मुंडा यांची जयंती, ‘जनजातीय गौरव दिवस’ म्हणून जाहीर केली. एका पक्षाची ९ ऑगस्ट आणि दुसऱ्या पक्षाची १५ नोव्हेंबर, अशी वाटणीच झाली म्हणा ना! ज्यांचा दिवस, त्यांना कोणता हवा हे विचारायचे मात्र राहून गेले.

या निमित्ताने शासकीय पत्रकांत एक ठरावीक वाक्य हमखास वाचायला मिळते. आदिवासींच्या संस्कृतीचा आणि राष्ट्रउभारणीतील त्यांच्या योगदानाचा गौरव करण्यासाठी हा दिवस, वगैरे. यातला ‘योगदान’ हा शब्द मला नेहमी खटकतो. योगदान म्हणजे दुसऱ्याने चालवलेल्या कामात आपण घातलेली भर. घर कोणाचे तरी असते, आणि पाहुणा येताना फळांची पिशवी घेऊन येतो, तसे. निदान नागपूरपुरते बोलायचे तर हा शब्द उलटा आहे. इथे घर ज्याचे, त्यालाच आपण पाहुणा म्हणून बोलावतो आणि त्याच्या फळांच्या पिशवीचे कौतुक करतो.

हे म्हणणे स्पष्ट करायचे तर तीनशे वर्षे मागे जायला हवे.

आजच्या छिंदवाडा जिल्ह्यात, सातपुड्याच्या डोंगरात देवगड नावाचा किल्ला आहे. तिथल्या गोंड घराण्याचा जाटबा नावाचा राजा अकबराच्या काळात नांदत होता आणि ‘ऐन-इ-अकबरी’त त्याचा उल्लेख आहे. याच घराण्यात सतराव्या शतकाच्या शेवटी बख्त बुलंद झाला. गादीवरून भाऊबंदकी माजली तेव्हा तो थेट औरंगजेबाकडे गेला, त्याने इस्लाम स्वीकारला आणि ‘थोर नशिबाचा’ असा अर्थ असलेले हे नाव घेऊन परत येऊन राज्यावर बसला. लग्नसंबंध मात्र घराण्याने गोंडांतच ठेवले. पुढे बादशहा दक्षिणेत मराठ्यांशी झुंजण्यात अडकला, तशी या राजाने संधी साधली. मोगलांच्या मुलखात त्याने धुमाकूळ घातला. बादशहा इतका चिडला की याला यापुढे बख्त बुलंद न म्हणता ‘निगुनबख्त’, म्हणजे फुटक्या नशिबाचा, म्हणावे असे त्याने फर्मावले, अशी नोंद आहे. नाव बदलून माणूस बदलत नाही. राजा आपल्या कामाला लागला होता.

त्याचे काम म्हणजे नागपूर. नाग नदीच्या काठची राजापूर, हरिपूर, सक्करदरा, लेंढरा, फुटाळा, सीताबर्डी अशी बारा लहान गावे होती. ती रस्त्यांनी जोडून त्याने शहर वसवले. १७०२ हे साल त्यासाठी मानले जाते. नागपूर हे नाव त्याहून जुने आहे, हेही सांगायला हवे. राष्ट्रकूट राजा तिसरा कृष्ण याच्या इ. स. ९४० च्या देवळी ताम्रपटात नागपूर-नंदिवर्धन असा प्रदेश येतो. तेव्हा ‘नाव गोंडराजाने दिले’ असे कोणी म्हणाले तर त्याला आधार नाही. पण शहर, म्हणजे बाजारपेठ, वस्ती, कारागीर, कोतवाली, हे त्याचेच. १८२७ साली नागपूरचे इंग्रज रेसिडेंट रिचर्ड जेंकिन्स यांनी या राज्याविषयी मोठा अहवाल लिहिला. बख्त बुलंदने हिंदू-मुसलमान असा भेद न करता कर्तबगार माणसे कामाला लावली, चहूकडून कष्टाळू शेतकरी आणून वसवले, हजारो गावे नव्याने बसवली, शेती, कारागिरी आणि व्यापार वाढवला, असे ते सांगतात. पुढे जाऊन त्यांनी असेही म्हटले आहे की, नंतरच्या मराठी राज्याला जे यश मिळाले त्यातले बरेचसे या गोंडराजाने घातलेल्या पायामुळे मिळाले. हे लिहिणाऱ्या इंग्रजाला गोंडांची बाजू घेण्याचे काही कारण नव्हते.

बख्त बुलंदनंतर त्याचा मुलगा चांद सुलतान याने देवगड सोडून नागपूरलाच राजधानी केली. शहराभोवती तट बांधला, दरवाजे केले आणि एक मोठा तलाव तयार केला. या तलावाची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. त्याचे नाव जुम्मा तलाव. जुम्मा म्हणजे शुक्रवार, म्हणून लोकांच्या तोंडी तो शुक्रवारी तलाव झाला. स्वातंत्र्यानंतर त्याचा गांधीसागर झाला. तटाच्या जुम्मा दरवाजाचा तसाच गांधी गेट झाला. गांधीजींच्या नावाला कोणी हरकत घेणार नाही. मीही घेत नाही. पण गांधीसागराच्या काठावर संध्याकाळी चणे-फुटाणे खात बसलेल्या दहा माणसांना विचारावे, हा तलाव कोणी बांधला? मी विचारून पाहिले आहे. भोसल्यांनी, असे उत्तर मिळते. कोणी इंग्रजांनी म्हणतो. चांद सुलतानाचे नाव सांगणारा क्वचित भेटतो. वाईट हेतूने कोणी काही पुसले नाही. नावाचे भाषांतर झाले, भाषांतराचे नामांतर झाले आणि बांधणारा वाटेत कुठे तरी गळून गेला.

चांद सुलतानाच्या मृत्यूनंतर पुन्हा गादीचा तंटा झाला. त्याची विधवा राणी रतनकुंवर हिने वऱ्हाडातून रघूजी भोसल्यांना मदतीला बोलावले. रघूजी आले, त्यांनी तंटा मिटवला, मोबदला घेतला आणि परत गेले. मग राणीच्या दोन मुलांतच वितुष्ट आले, तेव्हा १७४३ मध्ये ते पुन्हा आले, आणि या खेपेला परत गेले नाहीत. पुढचा इतिहास आपल्याला पाठ आहे, कारण तो मराठी राज्याचा इतिहास आहे. पण एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही. रघूजींनी गोंडराजा बुऱ्हाणशहा याला पदच्युत केले नाही. त्याला नागपुरातच, त्याच्या किल्ल्यात, मानाने आणि तनख्यावर ठेवले. नवा भोसला राजा गादीवर बसला की त्याच्या कपाळी टिळा लावण्याचा मान गोंडराजाचा. महसुलाच्या काही कागदांवर शिक्का गोंडराजाचा. सत्ता सगळी भोसल्यांची, पण ती वैध आहे असे म्हणायला जुना मालक समोर हवा.

इतिहासाचा विद्यार्थी म्हणून मला या टिळ्याचे फार नवल वाटते. ज्याचे राज्य गेले त्याच्याच हाताने, ज्याने घेतले त्याच्या कपाळी टिळा. यात चातुर्य होते, आणि काही प्रमाणात कबुलीही होती. हा मुलूख कोणाचा होता हे भोसल्यांचा दरबार निदान एका दिवसापुरते, सर्वांदेखत मान्य करीत होता. १८५४ मध्ये इंग्रजांनी नागपूर खालसा केले तेव्हा टिळा लावून घेणारा उरला नाही, म्हणून टिळाही उरला नाही. गोंडराजाच्या घराण्याचा तनखा मात्र सरकारी खात्यात चालू राहिला.

इंग्रजांच्या काळात आदिवासींकडे पाहण्याची दुसरी रीत आली. टिळ्याऐवजी टिपणवही. ज्यांच्या नावाचे कॉलेज नागपुरात आहे ते स्टीफन हिस्लॉप हे स्कॉटिश पाद्री १८४५ मध्ये इथे आले. शाळा चालवता चालवता ते दगड, जीवाश्म आणि माणसे या तिन्हींचा अभ्यास करीत. गोंडांचे परधान, म्हणजे किंगरी वाजवून देवादिकांच्या आणि कुळांच्या कथा गाणारे लोक. त्यांच्या तोंडून हिस्लॉपनी लिंगोची दीर्घ कथा लिहून घेतली. हा मजकूर त्यांच्या हयातीत छापला गेला नाही. ४ सप्टेंबर १८६३ रोजी टाकळघाटची प्राचीन शिळावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ नाल्याच्या पुरात ते वाहून गेले. त्यांचे कागद मध्यप्रांताचे चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून प्रसिद्ध केले. गोंडी कथागीत मुळासकट छापले गेले ते असे. नागपूरचा आपला अजब बंगला, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालय, तेही १८६३ चेच, आणि त्यामागेही टेंपल साहेबच.

हिस्लॉपांचे ऋण मोठे आहे, त्यात शंका नाही. पण ज्या परधानाने तासन् तास बसून ती कथा सांगितली असेल, त्याच्या नावाने नागपुरात कॉलेज नाही. संग्रहालयात दागिने आहेत, वाद्ये आहेत, शस्त्रे आहेत, आणि प्रत्येकापुढे जमातीच्या नावाची चिठ्ठी आहे. दिवस साजरा करायचा म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे जे येते, मोरपिसे, शिंगांचे टोप, व्यासपीठावर पाच मिनिटांचे समूहनृत्य आणि मग पाहुण्यांचे भाषण, त्याचे मूळ मला या काचेच्या कपाटात दिसते.

त्या लिंगोच्या कथेत एक प्रसंग आहे. गोंडांना एका गुहेत कोंडून ठेवले जाते आणि लिंगो त्यांना सोडवतो. हिस्लॉपांच्या वहीत शिरलेली ही गुहा शंभर-सव्वाशे वर्षांनी जमिनीवर सापडली, असे म्हटले तर चालेल. गोंदिया जिल्ह्यात सालेकसा तालुक्यात कचारगडची प्रचंड मोठी नैसर्गिक गुहा आहे. १९८० नंतरच्या दशकात काही गोंड अभ्यासक आणि कार्यकर्ते जुन्या गीतांचा माग काढत तिथे पोचले आणि कथेतले स्थान हेच, असे त्यांनी मांडले. मूठभर माणसांनी सुरू केलेली माघ पौर्णिमेची ही यात्रा आज लाखोंची झाली आहे. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड, तेलंगण, ओडिशा, कुठकुठून माणसे येतात. कोणत्याही राजपत्रात हा दिवस आधी छापलेला नव्हता. लोकांनी तो धरला, आणि मग एसटीला जादा गाड्या सोडाव्या लागल्या.

या मंडळींत नागपूरचे डॉ. मोतीरावण कंगाली होते. रामटेक तालुक्यातल्या दुलारा गावचा हा माणूस रिझर्व्ह बँकेत नोकरी करी आणि उरलेला सगळा वेळ गोंडी भाषा, व्याकरण, देवस्थाने आणि कोया पुनेम, म्हणजे गोंडांचा जीवनधर्म, यांच्या अभ्यासात घाली. २०१५ मध्ये ते वारले. सिंधू संस्कृतीची लिपी गोंडीच्या साह्याने वाचता येते हे त्यांचे मत मला पटलेले नाही, आणि बहुतेक तज्ज्ञांनाही पटलेले नाही. पण आपल्याविषयी इतरांनी लिहून ठेवलेल्या गोष्टी पुन्हा आपल्या भाषेत तपासून पाहण्याचा जो हट्ट त्यांनी धरला, त्याने एका पिढीला वळण लावले, हे मान्य करावेच लागेल. हिस्लॉपांच्या वहीला त्याच नागपुरातून दीडशे वर्षांनी मिळालेले ते उत्तर होते. त्यांची भाषा मात्र अजून बाहेरच आहे. २०११ च्या जनगणनेत गोंडी ही मातृभाषा सांगणारे सुमारे ३० लाख लोक होते. २००३ मध्ये बोडो आणि संथाळी या भाषांचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. गोंडीचा झालेला नाही.

आता पुन्हा ९ ऑगस्टकडे येऊ. ही तारीख आली कुठून? १९८२ मध्ये या दिवशी जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांच्या एका कार्यगटाची पहिली बैठक झाली. जगभरच्या मूलनिवासी लोकांचे हक्क काय असावेत, याचा विचार करण्यासाठी नेमलेला तो गट होता. त्या बैठकीची आठवण म्हणून ९ ऑगस्ट हा दिवस पाळावा, असा ठराव संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने केला. ठरावाची तारीख २३ डिसेंबर १९९४.

ही तारीख वाचली की नागपूरच्या माणसाचा हात थबकतो. कारण त्याच्या बरोबर एक महिना आधी, २३ नोव्हेंबर १९९४ रोजी, गोवारींचा मोर्चा नागपुरात आला होता.

नव्या पिढीसाठी थोडे सांगायला हवे. विदर्भ महाराष्ट्रात आला तो १९५३ च्या नागपूर कराराच्या आश्वासनांवर. त्यानुसार विधिमंडळाचे एक अधिवेशन दर वर्षी नागपुरात होते. हिवाळी अधिवेशन म्हणजे आमच्याकडे मोर्चांचा मोसम. मुंबईला जाणे ज्यांना परवडत नाही अशी गावोगावची माणसे त्या दिवसांत भाकरी बांधून नागपूरला येतात. गोवारी ही गुरे राखणारी जमात. विदर्भातल्या खेड्यांत दिवाळीला गायगोधनाच्या वेळी ढाल नाचवण्याचा मान त्यांचा. गावाची गुरे यांच्या भरवशावर असत, पण यांच्या नावावर जमीन नसे. आम्ही आदिवासी आहोत, आम्हाला अनुसूचित जमातीच्या सवलती द्या, एवढीच त्यांची मागणी होती. हजारोंचा मोर्चा मॉरिस कॉलेजच्या टी-पॉइंटजवळ अडवला गेला. बायका, लेकरे, म्हातारी माणसे रस्त्यावर बसून राहिली. निवेदन घ्यायला कोणी तरी येईल, अशी त्यांना आशा होती. संध्याकाळ झाली. मग रेटारेटी, लाठीमार आणि चेंगराचेंगरी. ११४ माणसे मेली. त्यांत बायका आणि मुलेच अधिक होती.

आदिवासी विकासमंत्री मधुकरराव पिचड यांनी राजीनामा दिला, चौकशी आयोग नेमला गेला. १९९५ मध्ये गोवारींचा विशेष मागास प्रवर्गात समावेश झाला. जमातीचा दर्जा मात्र मिळाला नाही. आणि इथे ती टिपणवही पुन्हा येते. अनुसूचित जमातींच्या यादीत १९५६ मध्ये ‘गोंड गोवारी’ असे नाव जोडून आले. हे नाव गोवारींचेच, की गोंड गोवारी म्हणून कोणी निराळी जमात आहे? यावर पुढची साठ-पासष्ट वर्षे वाद चालला. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्यप्रांतातल्या जाती-जमातींवरचा १९१६ चा ग्रंथ न्यायालयात उघडला गेला. कोणत्या पोटशाखेला कोण कसे म्हणत होते, यावर युक्तिवाद झाले. १४ ऑगस्ट २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. गावोगाव गुलाल उधळला गेला. १८ डिसेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला. यादीत जे लिहिले आहे त्यात न्यायालयाला बदल करता येत नाही, असे सांगितले. मधल्या सव्वादोन वर्षांत ज्यांना त्या दाखल्यावर प्रवेश किंवा नोकरी मिळाली, त्यांची ती राहू द्यावी, एवढा दिलासा मिळाला. म्हणजे एकाच घरात थोरला भाऊ आदिवासी आणि धाकटा नाही, असेही कुठे कुठे झाले असेल.

न्यायालयाचे कायद्याचे म्हणणे मला समजते. यादी बदलण्याचा अधिकार संसदेचा आहे. पण सामान्य माणूस विचारतो की, मी कोण हे १९१६ च्या पुस्तकाने का ठरवावे? आणि हा प्रश्न केवळ गोवारींचा नाही. जयपालसिंग मुंडा यांनी घटना समितीत ‘आदिवासी’ हाच शब्द हवा म्हणून आग्रह धरला होता. तो शब्द संविधानात आला नाही, ‘अनुसूचित जमाती’ आला. २००७ मध्ये मूलनिवासींच्या हक्कांचा जाहीरनामा संयुक्त राष्ट्रांत आला तेव्हा भारताने बाजूने मत दिले, पण आमच्याकडे सगळेच मूलनिवासी आहेत ही भूमिकाही कायम ठेवली. सगळेच मूलनिवासी, तर मग वेगळा दिवस कशाला? १५ नोव्हेंबर आणि ९ ऑगस्ट या वादाच्या तळाशी हे आहे. एका दिवसात स्वातंत्र्यसेनानीचा गौरव आहे, दुसऱ्यात हक्काची भाषा आहे. बिरसा मुंडांविषयी कोणाही आदिवासीच्या मनात आदरच आहे. अडचण एवढीच की, गौरव करायला सोपा असतो.

तारखांची वाण नाही. १८ सप्टेंबर १८५७ ला जबलपुरात शंकरशहा आणि रघुनाथशहा या गोंड पितापुत्रांना इंग्रजांनी तोफेच्या तोंडी दिले. २१ ऑक्टोबर १८५८ ला चांद्याच्या तुरुंगात बाबूराव शेडमाके यांना फाशी दिले. हे दोन्ही दिवस आमच्या भागातले आदिवासी पाळतात. आणि माणसांनी पाळलेला दिवस शहराला कसा आपलासा करावा लागतो, याचे उदाहरण नागपुरालाच शोधायला नको. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर दीक्षाभूमीवर दर दसऱ्याला जो समुदाय लोटतो, त्याच्यासाठी आता सारे शहर पाण्याची, जेवणाची, वाहतुकीची सोय करते.

माझे मत विचाराल तर ९ ऑगस्टला सुट्टी द्यावी. राज्याला जमत नसेल तर निदान नागपूर जिल्ह्यापुरती द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांना वर्षातून काही स्थानिक सुट्ट्या देण्याचा अधिकार असतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत-बडग्यांसाठी आपण ती घेतोच, आणि हौसेने घेतो. मात्र आदल्या दिवशी शाळेत मोरपिसांची स्पर्धा ठेवू नये. मुलांना गांधीसागरावर न्यावे, गांधी गेटखाली उभे करावे, महालातला गोंडराजाचा किल्ला बाहेरून का होईना दाखवावा आणि टिळ्याची गोष्ट सांगावी. रघूजींच्या दरबाराला जे वर्षानुवर्षे जमत होते, ते महानगरपालिकेला वर्षातून एकदा जमायला हरकत नाही. सुट्टी म्हणजे लोक झोपून काढतील, अशी शंका काहीजण घेतात. घेतील झोप. गणराज्यदिनीही घेतात.

गोवारींच्या ११४ जणांचे स्मारक झिरो माइलजवळ आहे. सीताबर्डीच्या उड्डाणपुलालाही ‘आदिवासी गोवारी शहीद उड्डाणपूल’ असे नाव देण्यात आले आहे. पाटी आहे, पण बोलताना सगळे ‘बर्डीचा पूल’ म्हणतात. रिक्षावालेही तसेच म्हणतात आणि बातम्यांतही बरेचदा तसेच येते. २३ नोव्हेंबरला मात्र सकाळपासून माणसे यायला लागतात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळ, कुठून कुठून. फुले वाहतात, नावे वाचतात, कडेला बसून बांधून आणलेले खातात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. बहुतेक जण रोजंदारीवरचे असतात. त्या दिवशी सुट्टी नसते, म्हणून एका दिवसाची मजुरी बुडवून येतात.